पडलेलं भात आधी

कापणीच्या दिवसांत मी पेपर मागून वाचतो. शेवटच्या पानावर कोपऱ्यात हवामानाची चौकट असते, ती आधी. मग कर्जतच्या, खालापूरच्या बातम्या; कुठे रस्ता खचला, कुठे खचलेल्या रस्त्याचं पुन्हा भूमिपूजन झालं. जग सगळ्यात शेवटी. आयुष्यभर शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने जगाला असं रांगेत मागे उभं करणं शोभत नाही, पण दारासमोर भात पिकून पिवळं झालं असेल तर जगाने थोडं थांबायला हरकत नाही.

परवा त्या पहिल्या पानापर्यंत पोचलो तेव्हा चहा गार झाला होता. बातमी अशी, की दोन मोठ्या देशांचे पुढारी तिसऱ्याच देशातल्या एका महालात भेटले, चौथ्या देशाच्या जमिनीबद्दल बोलले, हसत फोटो काढले आणि आपापल्या विमानात जाऊन बसले. ज्याची जमीन, त्याला बोलावणंच नव्हतं. तो बिचारा आपल्या घरी टीव्हीवर बघत बसला असेल. पूर्वी अशी बातमी आली की संध्याकाळ कधी होते असं मला व्हायचं. आता मी पेपरची घडी घालतो आणि ओटीवर बसून समोर बघतो. समोर माझं शेत, मग बांध, बांधावर दोन्ही घरांच्या आजोबांनी मिळून पुरलेला हद्दीचा दगड, शेवाळाने हिरवा झालेला, आणि पलीकडे बबनचं शेत. बबनने मला फसवलं त्याला चार वर्षं झाली.

कापणीचा वास मात्र दरवर्षी तसाच येतो. बुंध्याशी ओला, शेंड्याशी वाळलेला. दिवाळी जवळ असली तर त्यात कोणाच्या तरी घरच्या चकल्यांची तळणी मिसळते. लहानपणी भारे वाहताना मानेला भाताची कूस, म्हणजे बारीक कुसळं, लागायची आणि दिवसभर खाजत राहायचं. दहाच्या सुमाराला आई भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी घेऊन यायची. हात नीट धुवायला पाणी नसायचं, त्यामुळे चटणीलाही भाताचा वास लागायचा. कापलेल्या चोंढ्यात, खोलगट खाचरात, बगळे आमच्यामागून चालायचे, आम्ही कामावर आहोत आणि ते तपासणीला आलेत अशा थाटात. जेवताना कधीही एकटं आमचंच घर नसायचं. बबनच्या घरची माणसं असायचीच, कारण आमची सावड होती.

सावड म्हणजे आज तुम्ही आमच्या शेतावर, उद्या आम्ही तुमच्या. मजुरी नाही, लिहिणं नाही. आमच्या दोन घरांची सावड आजोबांच्या वेळेपासूनची. कोणी कधी सही केली नव्हती, म्हणून फाडायला कागदही नव्हता. तिचा एकच कायदा होता आणि तो बायकांच्या तोंडी होता: पडलेलं भात आधी. उभं भात दोन दिवस थांबतं. कापून वाळायला पसरलेलं भात थांबत नाही, त्यावर पाऊस पडला की दाण्याला मोड येतात आणि वर्षाचं खाणं मातीत जातं. म्हणून आभाळ भरून आलं की ज्याचं भात कापून पडलंय त्याच्या शेतात सगळ्यांनी जायचं. हातातलं काम टाकायचं, भारे बांधायचे, खळ्यावर नेऊन झाकायचे.

भांडण असलं तरी जायचं. एका वर्षी माझ्या वडिलांचं आणि बबनच्या वडिलांचं म्हशीवरून बोलणं बंद होतं. त्या वर्षीही आभाळ आलं, आणि बबनचे वडील आमच्या शेतात येऊन तोंड फिरवून भारे बांधू लागले. आई त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायची. ते उचलून प्यायचे, पण वडिलांकडे बघायचे नाहीत. संध्याकाळी सगळं भात खळ्यावर आलं आणि दोघं एक अक्षर न बोलता आपापल्या घरी गेले. मला तेव्हा हे फार गमतीचं वाटलं होतं.

बबन माझ्याहून दोन वर्षांनी लहान. खोपोलीला एका कारखान्यात पाळीवर जायचा; कारखाना बंद पडला तसा पूर्ण वेळ शेतीत आला. मी शाळेत लागलो त्या दिवसापासून तो मला गुरुजी म्हणू लागला, आधी चेष्टेने, मग सवयीने. आमच्या शेतांच्या टोकाला रस्त्यावर ओढ्याची मोरी आहे, छोटा पूलच. तिच्या सिमेंटच्या कठड्यावर दोन माणसं ऐसपैस बसतात. निवृत्त झाल्यावर मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचो, बबन गुरं बांधून यायचा, आणि मी त्याला जग समजावून सांगायचो.

शाळेत मी संयुक्त राष्ट्रांचा धडा शिकवायचो तेव्हा पुस्तकात होतं तेच शिकवायचो. शांतता, सहकार्य, मानवता. त्यावर हमखास पाच गुणांचा प्रश्न यायचा. मोरीवर परीक्षा नव्हती, त्यामुळे मनातलं बोलायची सोय होती. मी सांगायचो की तिथे सगळे देश जमतात, भाषणं करतात, ठराव करतात, पण त्यातल्या पाच जणांपैकी एकाने जरी नकाराची मान हलवली तरी ठराव बारगळतो.

“म्हंजे आपल्या गावकीसारखं,” बबन म्हणाला. “मानकऱ्यानं नाय म्हटलं का नारळ फुटत नाय. चाय मात्र समद्यांना मिळते.”

“आणि बांधाचा तंटा तसाच राहतो.”

“बांध कोरतात का तिथं पन?”

बांध कोरणं म्हणजे नांगरताना दरवर्षी शेजाऱ्याच्या हद्दीतला बांध चार बोटं खायचा. पंधरा वर्षांनी शेजाऱ्याच्या लक्षात येतं, तोवर त्याचा एक अख्खा वाफा गेलेला असतो. खालापूरच्या कचेरीबाहेर झाडाखाली फायली घेऊन बसलेल्या माणसांतली निम्मी माणसं याच कामाला आलेली असतात. मी म्हटलं, “अरे, कोरतात म्हणजे काय! रणगाडे लावून कोरतात.”

“न् वर बोलत असतील, उंदरांनी कोरला.”

“उंदीर नाही म्हणत. सुरक्षेचा प्रश्न म्हणतात.”

बबन इतका हसला की कठड्यावरून खाली उतरला. असा श्रोता मला चौतीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नव्हता. वर्गातली मुलं घड्याळ बघायची. बबन माझ्या तोंडाकडे बघायचा. मग मला चेव यायचा. एकदा आयात शुल्काची बातमी होती. जो देश रोज सकाळी उठून आपल्याला जिवलग मित्र म्हणत होता, त्यानेच आपल्या मालावर जबर शुल्क लावलं होतं. बबन गोंधळला. “मित्र हाय ना आपला तो? गळ्यात गळे घालून उभे असतात की फोटोत.”

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हे मी वर्गातही करायचो, महत्त्वाचं वाक्य यायच्या आधी. म्हणालो, “बबन, मित्र नसतो. गरज असते. गरज संपली की हात सोडायचा, आणि सोडताना हसायचं.”

त्याने मांडीवर थाप मारली. मग मी आणखी एक दिलं. कुठल्याशा गरीब देशाला कोणी धान्याची जहाजं पाठवली होती. “मदत आली की पोत्याकडे बघू नकोस, पाठवणाऱ्याच्या नजरेकडे बघ,” मी म्हणालो. “ती कुठल्या बंदरावर आहे, कुठल्या खाणीवर आहे, ते बघ. फुकट कोणी कोणासाठी वाकत नाही.”

“गुरुजी, हे पेपरात का नाय देत तुमी?” बबन म्हणाला. मी “छे, छे” केलं, पण घरी जाताना माझी चाल बदललेली होती. ओटीवर चढताना बायकोने, सुनंदाने, विचारलंच, “आज कोण मेलं का निवडून आलं?” आमच्याकडे दोन्ही प्रसंगी मी सारखाच उत्साहात असतो, असं तिचं म्हणणं.

त्या वर्षीचं भात चांगलं आलं होतं. नवरात्रातच लोंब्या वाकल्या. कोजागिरीनंतर आम्ही चौघांनी, मी, सुनंदा, बबन आणि त्याची बायको लता, मिळून माझं शेत दोन दिवसांत कापून काढलं. बबनचं अजून उभं होतं. “तुमचं दोन दिस वाळू द्या,” तो म्हणाला, “मग बांधायला हावतच आमी. तुमचं झालं का माझं कापू.” भात पसरून पडलं होतं आणि संध्याकाळी आम्ही मोरीवर बसलो होतो. त्याच दिवशी बातमी होती की एका मोठ्या देशाने वर्षानुवर्षं आपल्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या छोट्या दोस्ताला न सांगता त्याच्या शत्रूबरोबर परस्पर करार केला. मी ती बातमी अगदी चवीने सांगितली.

“मंग त्या बारक्याचं काय?” बबनने विचारलं.

“त्याचं काय? तो बातम्या बघेल.”

मी हसलो. बबनही हसला, पण मांडीवर थाप काही पडली नाही. हे मला पुष्कळ नंतर आठवलं.

कापणी सुरू केल्यापासून चौथ्या दिवशी सकाळी घाटाच्या अंगाला आभाळ काळं झालं. परतीच्या पावसाचं आभाळ ओळखायला पेपर लागत नाही. वारा थांबतो आणि माश्या घरात येतात. सुनंदा म्हणाली, “अहो, बबनभाऊजींना हाक मारा.” मी बांधावर जाऊन हाळी दिली. उत्तर आलं नाही, पण रस्त्याच्या बाजूने घरघर आली. वळून बघतो तर एका मोठ्या ट्रेलरवरून कापणीचं मशीन उतरत होतं. बबनच्या शेतात बबन, लता आणि लताचे दोन भाऊ विळ्यांनी कोपरे कापत होते. मशीनला वळायला जागा लागते, म्हणून कोपरे आधी हाताने मोकळे करावे लागतात. म्हणजे मशीन येणार हे त्यांना माहीत होतं. लताचे भाऊ काही सकाळी सकाळी वासावर आले नव्हते.

“बबन!” मी ओरडलो. “आभाळ आलंय. आमचं पडलंय.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग हात वर केला, तळवा माझ्याकडे. थांबा, असा. मशीन सुरू झालं आणि तो पोती घेऊन त्याच्यामागे चालू लागला. त्यानंतर त्याने मान वळवली नाही.

आम्ही दोघांनी जमेल तेवढे भारे बांधले. सुनंदा बांधायची, मी खळ्यावर टाकून यायचो. दुपारच्या आत पाऊस आला आणि पुढचे तीन दिवस पडत राहिला. भात चिखलात चिकटून बसलं. पावसाने उसंत दिली की सुनंदा ओल्या काड्या उचलून बांधावर टाकायची, उलटायची, पुन्हा उलटायची. पाचव्या दिवशी लोंब्यांना पांढरे मोड दिसू लागले. ते इतके कोवळे आणि टवटवीत होते की बघून राग यावा. आंबूस वास सुटला. शेजारच्या कोंबड्यांची चैन झाली. सुनंदा रडली नाही, कोणाला शिव्याही दिल्या नाहीत. चिखलात उभी राहून तिने मला एवढंच विचारलं, “त्यांचं उभं होतं ना हो?”

“उभं होतं.”

तिने मान हलवली आणि पुन्हा वाकली.

त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या घरात विकतचा तांदूळ आला. मी तो गावातल्या दुकानातून आणला नाही, लाज वाटली. शिळफाट्याला गेलो. हायवेवरून ट्रक धडाधड जात होते, मी हातात तांदळाची पिशवी घेऊन उभा, आणि समोरच्या टपरीवर बबन चहा पीत होता. त्याने मला बघितलं, पिशवी बघितली आणि कप खाली ठेवला.

“मशीनवाला बोलला, आज नायतर नाय,” मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी तो पनवेलकडं जायचा व्हता.”

“कधी ठरवलंस?”

“त्याच्या आधी आठ दिस झालं असतील.”

“आठ दिवस? त्या आठ दिवसांत तू माझ्याबरोबर मोरीवर बसत होतास. मला कापायला लावलंस. तुझ्या हातांनी कापलंस.”

“पाऊस येल असं कुठं वाटलं व्हतं?”

“आणि आला तेव्हा?”

त्याने टपरीवाल्याला पैसे दिले. मग त्याचा चेहरा मोकळा झाला. आजही तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढे येतो. त्यात टोमणा नव्हता, उर्मटपणा नव्हता. असता तर मी चार शब्द ऐकवून मोकळा झालो असतो.

“राग नका धरू, गुरुजी,” तो म्हणाला. “तुमीच बोलता ना, मित्र नसतो, गरज असते. मला मशीनची गरज व्हती.”

पाच गुणांच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिल्यावर मुलगा जसा मास्तरांकडे बघतो तसा तो माझ्याकडे बघत होता. माझ्याच तोंडचं वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि बस आली नसतानाही स्टॉपकडे चालायला लागलो. मला त्याचा संताप आला होता. संताप येण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे ठरेना, म्हणून तो अधिकच आला.

पुढची वर्षं आमच्या घरांचे संबंध दोन देशांसारखे झाले. राजदूत माघारी बोलावले गेले. वरच्या पातळीवरची बोलणी बंद, मागच्या दाराने वाटाघाटी सुरू. सुनंदा आणि लतावहिनी बांधावर उभ्या राहून कढीपत्ता आणि लोणच्याच्या वाट्यांची देवाणघेवाण करत. मी त्याकडे कानाडोळा करायचो, जसा सगळी सरकारं करतात. गणपतीत बबन माझ्याकडे दर्शनाला यायचा, देवाकडे बघून हात जोडायचा, आणि मी आरतीच्या ताटाकडे बघत राहायचो. तत्त्व म्हणून मी एक वर्ष हातानेच कापणी केली. तत्त्व कंबरेत भरलं. पुढच्या वर्षी मीही मशीन बोलावलं. एका सकाळीत शेत मोकळं झालं. भाकरी नाही, चटणी नाही, कोणाची थट्टा नाही. मशीनचा ड्रायव्हर कानात मोबाईलची वायर घालून आला आणि तशीच घालून गेला.

मोरीवर मी काही दिवस एकटा बसून पाहिलं. एकटा बसलेला निवृत्त मास्तर बघून येणारे-जाणारे “काय गुरुजी, बरं हाय ना?” असं काळजीने विचारू लागले, तेव्हा जाणं सोडलं. मग सुनंदाला बातम्या वाचून दाखवायला सुरुवात केली. ती म्हणायची, “वाचा, वाचा. पण आधी डाळीखालचा गॅस बारीक करा.”

एक फरक मात्र माझ्यात पडला. पूर्वी जगातल्या बातम्यांत मला हुशार बाजू आवडायची. कोणी कोणाला कसं गुंडाळलं, कोणाची चाल कशी खोल होती, हे सांगताना मला मजा यायची. आता माझी नजर ज्याला बोलावणं नव्हतं त्याच्याकडे जाते. फोटोच्या बाहेर असतो तो. त्याने कोणाच्या तरी शब्दावर आपलं भात कापून टाकलेलं असतं. मी त्या बारक्या देशाला हसलो होतो, ही गोष्ट मला बबनच्या फसवणुकीइतकीच टोचते. कधी कधी जास्त.

तर परवा. गेल्या आठवड्यात वारा झाला आणि बबनचं भात लोळलं. माझं मशीनने आधीच कापून झालं होतं. मशीनवाला त्याच्या बांधापर्यंत आला, उतरून चिखलात पाय घालून बघितला आणि म्हणाला, चाकं रुततील, आणि लोळलेलं हे उचलत नाही. निघून गेला. त्याला गरज नव्हती. लताचे भाऊ आता नवी मुंबईला नोकरीला, त्यांना सुट्टी नाही. मग बबन आणि लता, दोघांनीच तीन दिवस खपून ते भात हाताने कापलं. बबनचा एक गुडघा धरतो. तो बसून, सरकत सरकत कापत होता. मी ओटीवरून बघत होतो. बघत नाही असं दाखवायला पेपर धरला होता.

परवा त्याचं सगळं भात कापून पडलं होतं. मी महालातल्या भेटीची बातमी वाचून संपवली आणि वर बघितलं तर घाटाच्या अंगाला आभाळ काळं. माश्या घरात येत होत्या. सुनंदा आतून आली. तिने पदर खोचला होता. माझा टॉवेल माझ्या मांडीवर फेकून ती म्हणाली, “चला.”

“सुनंदा, आपल्या वेळी त्याने...”

“पडलंय ते,” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

मी मागे गेलो. नुसता नियम म्हणून गेलो असं सांगितलं तर ते खोटं होईल. बांध ओलांडताना माझ्या मनात काय होतं ते मला पक्कं माहीत आहे. मला बबन परत हवा होता. मोरीच्या कठड्यावर, माझ्या डाव्या बाजूला, मांडीवर थाप मारणारा. तो म्हणेल, चुकलं गुरुजी; मी म्हणेन, जाऊ दे; आणि संध्याकाळी मी त्याला महालाची गोष्ट सांगेन. तो त्यावर काय बोलेल याचा अंदाजही मी चालता चालता बांधत होतो.

लतावहिनी आम्हाला बघून नुसतं “आलाव?” म्हणाल्या आणि तोंड फिरवून डोळे पुसले. बबन उभा राहिला आणि पुन्हा वाकला. चौघं कामाला लागलो. काड्यांना पीळ देऊन दोरीसारखा बंद वळायचा, भारा गुडघ्याखाली दाबायचा, दुसऱ्याने गाठ मारायची. चार वर्षांनी पहिला भारा बबनच्या गुडघ्याखाली आला आणि गाठ माझ्या हातांनी मारली, न सांगता. हातांना भांडण ठाऊक नव्हतं. मानेला कूस लागून खाजायला लागलं आणि मला ते बरं वाटलं. दोन तास असेच गेले. शेवटचा भारा खळ्यावर गेला, त्यावर प्लास्टिक ओढलं, आणि त्याच वेळी पहिले टपोरे थेंब आले.

गोठ्याच्या वळचणीला उभे राहिलो. लतावहिनींनी सुनंदाला आत नेलं. बबन पाण्याचा तांब्या घेऊन आला. मी हात पुढे केला, पण तांब्या त्याच्याच हातात राहिला. तो माझ्या डोळ्यांत बघत होता, एखादं बारीक अक्षर वाचावं तसा.

“गुरुजी, एक इचारू? खरं सांगाल?”

आता येतंय, मला वाटलं. “विचार की रे.”

“काय पायजेल तुमाला?”

मला समजलंच नाही. “म्हणजे?”

“तुमीच शिकवलंत मला. फुकट कोणी कोणासाठी वाकत नाय. पोत्याकडं बघू नको, नजरंकडं बघ. मी मघापास्नं तुमच्या नजरंकडं बघतोय.” त्याच्या आवाजात राग नव्हता, दमलेला माणूस बोलतो तसा तो बोलत होता. “चार वर्सं बोलला नाय तुमी. न् आज दोन तास वाकलाव. काय पायजेल ते बोलून टाका. माझ्या हातचं असंल तर देतो, नसंल तर तसं सांगतो.”

“काही नको, बबन,” मी म्हणालो.

हे खोटं होतं, आणि ते माझ्या नजरेत दिसलं असणार. काहीतरी हवं होतंच ना मला. पण जे हवं होतं ते ओळखायला मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. बंदर शिकवलं होतं, खाण शिकवली होती, बांध शिकवला होता. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, पावसात, बांधावरच्या दगडाकडे. तिथे थोडा वेळ थांबली. मग त्याने तांब्या माझ्या हातात दिला. मी पाणी प्यालो.

घरी येताना सुनंदाने विचारलं, “बोलले का काही भाऊजी?” मी म्हटलं, बोलला.

काल सकाळी पाऊस उघडला. मी पेपर आणायला बाहेर पडलो तेव्हा बबनच्या खळ्यावर भारे कोरडे होते, लतावहिनी प्लास्टिक काढत होत्या. एका दाण्याला मोड आला नव्हता. बांधावरून जाताना मी थांबलो. हद्दीच्या दगडावरचं शेवाळ खरवडून काढलं होतं आणि दगडाला ताजा चुना लावला होता. ओलाच होता अजून, माझ्या बोटाला लागला. चुना फक्त माझ्या बाजूने लावला होता.